आधी सिलिंडरचा नंबर विचारा, मग पेट्रोलला दोष द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत सध्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर बरीच पत्रे येत आहेत. कुणाची गाडी झटके मारते, कुणाचा पिकअप गेला, कुणाची चढावर उचलतच नाही. बहुतेक पत्रे शेवटी एकाच ठिकाणी येतात: पेट्रोलमध्येच खोट आहे. या लोकांचा त्रास खरा आहे आणि त्यांनी पत्र लिहिण्याचे कष्ट घेतले याबद्दल मला आदर आहे. पण त्यांतल्या एकाही पत्रात गाडीच्या संगणकाने दोषाचा कोणता कोड दाखवला, मिसिंग इंजिनाच्या कोणत्या सिलिंडरमध्ये होते (पेट्रोल जिथे पेटते ते नळकांडे म्हणजे सिलिंडर, आणि पाळी येऊनही तो न पेटणे म्हणजे मिसिंग), हे लिहिलेले नाही. ते कळल्याशिवाय पेट्रोलला, ठिणगी पाडणाऱ्या प्लगला किंवा पंपाला दोष देता येत नाही, आणि ते कळून घेणे घरच्या अंगणात जमण्यासारखे आहे. मी निवृत्त विज्ञान शिक्षिका आहे, पारोळ्यात राहते, गाडी स्वतः चालवते. त्या अधिकाराने हे पत्र.

पेट्रोलचा मुद्दा आधी घेते. टाकीतले पेट्रोल एकाच नळीने इंजिनापर्यंत येते आणि तिथून, चार सिलिंडरच्या गाडीत, पेट्रोल आत फवारणाऱ्या चारही इंजेक्टरना सारखेच मिळते. त्यात पाणी असेल, भेसळ असेल, इथेनॉल जास्त असेल, तर तक्रार चारही सिलिंडर करतील. तेव्हा संगणकावर पी ०३०० हा कोड दिसण्याची शक्यता जास्त. त्याचा अर्थ, मिसिंग कुठे एका जागी नाही, अनेक सिलिंडरमध्ये आहे. किंवा पी ०१७१ येईल, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. पण कोड पी ०३०३ असेल, म्हणजे फक्त तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग असेल, तर पेट्रोलने पहिला, दुसरा, चौथा सोडून तिसऱ्यालाच का धरावे? अशा वेळी पेट्रोल निर्दोष आहे असे मी तरी मानते आणि शोध त्या एका सिलिंडरपुरता ठेवते.

याचा अर्थ इथेनॉलबद्दलच्या तक्रारी पोकळ आहेत असा नव्हे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद आहे की साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचे एव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के घटेल. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. पावसाळ्यात शंका आली तर थोडे पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन, आगीपासून लांब, स्थिर ठेवून पाहावे. तळाशी वेगळा थर दिसला तर पुरावा हातात आला. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरच्या मापाची तपासणी मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, तोही वापरावा. पण एव्हरेज कमी होणे वेगळे आणि एक सिलिंडर बंद पडणे वेगळे. ही दोन दुखणी एकत्र केली की खरे दुखणे तसेच राहते आणि पैसा भलतीकडे जातो.

यंदा आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) मी लेकीला छत्रपती संभाजीनगरला सोडायला निघाले होते. चाळीसगाव मागे पडून कन्नड घाट चढायला लागलो आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी धक्के खाऊ लागली. दुसरा टाकला तरी दम नाही, वर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. सपाट रस्त्यावर हीच गाडी तासापूर्वी व्यवस्थित पळत होती. जागा मिळताच गाडी वळवली, हलक्या पायाने उतार उतरून चाळीसगावला आले. वाटेत एका गॅरेजवर दाखवली. तिथल्या मिस्त्रीने बॉनेट उघडून एकदा रेस दिली आणि कागदावर यादी केली: चार प्लग, चार कॉईल (प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणारा भाग), थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजेक्टरची सफाई, आणि ‘त्यानेही नाही भागलं तर पंप’. स्कॅनर (कोड वाचणारे यंत्र) लावला का, असे मी विचारले. ‘बाई, त्याची गरज नही, हाई पेट्रोलनंच काम शे,’ असे उत्तर आले. पेट्रोलचेच काम असेल तर कॉईल का बदलायच्या, याचे उत्तर मात्र मिळाले नाही.

गाडी मी दिरांच्या अंगणात नेऊन लावली. माझ्या पुतण्याकडे मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा लहानसा स्कॅनर आहे. ऊन उतरल्यावर आम्ही दोघांनी बॉनेट उघडले. पुढे जे केले ते सविस्तर लिहिते, कारण आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण ते करू शकतील.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या उंचीला, सोळा टाचण्यांचे सॉकेट असते. आपल्या देशात एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ ही स्वतःची तपासणी करणारी व्यवस्था सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या पेट्रोल गाडीत मिसिंगची नोंद संगणक स्वतः ठेवतो. ती कशी, हे मला फार आवडते. चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. ज्याची पाळी आली आणि तो पेटला नाही, त्या क्षणी क्रँकची गती किंचित मंदावते. क्रँकचा सेन्सर ती मंदी टिपतो, पाळी कोणाची होती हे संगणकाला ठाऊक असते, आणि नाव लिहिले जाते. पी ०३०१ ते पी ०३०४ या कोडचा शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. पहिला सिलिंडर साधारणपणे इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूचा, तरी आपल्या गाडीचे पुस्तक उघडून खात्री करावी. आमच्या गाडीने पी ०३०३ दाखवला.

आता तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही, की पेट्रोल मिळत नाही, की आतले कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल दाबून धरण्याची ताकद) गेले आहे? शाळेत मी मुलांना प्रयोग शिकवताना एकच नियम पाठ करून घेत असे: एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच नियम इथे लावायचा. इंजिन बंद, किल्ली बाहेर, इंजिन हात लावण्याइतके थंड. तिसऱ्या कॉईलचे कनेक्टर त्याची खिट्टी दाबून काढले (वायर ओढायची नाही), दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवला, कॉईल हळूच फिरवत वर ओढली. तशीच पहिल्या सिलिंडरची काढली आणि दोघींची अदलाबदल केली. बाकी कशालाही हात लावला नाही. कोड पुसला, गाडी सुरू केली, पुतण्याने जवळच्याच चढावर एक छोटी फेरी मारली. परत कोड पाहिला तर पी ०३०१. दोष कॉईलबरोबर तिसऱ्यातून पहिल्यात चालत गेला होता! यापेक्षा स्पष्ट पुरावा गाडी देऊ शकत नाही. दुसऱ्या दिवशी एक नवी कॉईल आणली, बसवली, आणि गाडी घाट चढून गेली. त्या कॉईलचा खर्च यादीच्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आला.

कोड तिसऱ्यावरच राहिला असता तर कॉईल निर्दोष सुटली असती, मग प्लगची अदलाबदल. तोही सुटला तर इंजेक्टर, आणि तरीही तिसराच अडला तर कॉम्प्रेशन. हा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो आणि पहिल्या दोन पायऱ्यांना एक पैसा लागत नाही, कारण तपासायचा सुटा भाग शेजारच्या सिलिंडरमध्ये आधीच बसलेला असतो.

सपाटीवर नीट चालणारी गाडी घाटातच का अडली, हे मला पुष्कळांनी विचारले. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसते चालू असताना, सिलिंडरमध्ये थोडीच हवा शिरते, दाब कमी असतो, ठिणगीला प्लगचे अंतर सहज ओलांडता येते. घाटात पाय दाबला की सिलिंडर गच्च भरतो, आतला वायू दाट होतो आणि त्यातून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागते. कॉईल बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करते. तिचे इन्सुलेशन उष्णतेने आतून तडकले असेल तर ती आयडलला निभावून नेते आणि भार पडला की हरते. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. म्हणून ‘दुकानाच्या दारात तर नीट चालते’ हे मिस्त्रीचे म्हणणे पुरेसे नाही. ज्या भारावर, ज्या तापमानाला ती अडते, तिथेच तपासायला हवी. मल्टीमीटरवर बरोबर आकडा दाखवणारी कॉईलसुद्धा भारावर दगा देऊ शकते. अदलाबदलीची चाचणी मला जास्त विश्वासाची वाटते ती यामुळे. सीएनजीवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे दुबळी कॉईल किंवा झिजलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक, एवढ्यावरून गॅस किटला दोष देऊन मोकळे होऊ नये.

प्लग काढाल तेव्हा त्याच्या खोबणीतली धूळ आधी फुंकून किंवा पंपाने हवा मारून काढा. आपल्या रस्त्यांवरची माती तिथे साचलेली असते, ती आत पडली तर सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे येतात. बाहेर आलेला प्लग खूप काही सांगतो. टोक बदामी-राखाडी असेल तर त्या सिलिंडरची तब्येत बरी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येते आहे किंवा ठिणगी अशक्त आहे. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचते आहे, पेटत नाही. तेलकट असेल तर ऑईल आत येते आहे, रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे पाहावे लागेल. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर तो सिलिंडर जास्त तापतो आहे आणि हे दुखणे लांबवू नये. वरच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून बाहेरच्या बाहेर पळते आहे. चारही प्लग काढून नंबरवारीने वर्तमानपत्रावर मांडावेत. चारांतला एक वेगळा दिसला की शोध निम्मा झाला. प्लगचे अंतर फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजून गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहावे. परत बसवताना पहिले आटे हातानेच फिरवावेत, पाना शेवटी. इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे असते, वाकडा गेलेला प्लग आटे खातो आणि तो खर्च कॉईलच्या कैकपट असतो.

जुन्या गाड्यांत मिस्त्री चालू इंजिनाची प्लगवायर उपसून बघत. आवाज बदलला नाही तो सिलिंडर मेलेला. नव्या कॉईलच्या गाडीत हे कृपा करून करू नका. त्या व्होल्टेजचा झटका जोराचा बसतो, आणि मोकळी सोडलेली कॉईल स्वतः जळू शकते किंवा संगणकाला घेऊन जाऊ शकते.

दिव्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण याबाबत आपल्याकडे फार बेफिकिरी आहे. पिवळा दिवा स्थिर असेल तर दोषाची नोंद झाली आहे, सवडीने पण लवकर तपासा. बहुतेक गाड्यांत तोच दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग एवढे आहे की सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो आहे. न जळलेले पेट्रोल आणि हवा त्याच्या आत जाऊन पेटतात. एरवी चारशे ते आठशे अंश सेल्सिअसवर काम करणारा तो भाग हजाराच्या घरात जातो आणि त्याची आतली जाळी वितळून धुराची वाट बुजते. मग कॉईल बदलली तरी गाडी उचलत नाही आणि माणूस पुन्हा पेट्रोललाच शिव्या देतो. लुकलुकत्या दिव्याची गाडी ‘घरापर्यंत तर जाईल’ म्हणून दामटू नये. आणि अशी तापलेली गाडी शेताच्या बांधावर, गव्हाच्या काडावर, पऱ्हाट्यांच्या ढिगापाशी किंवा केळीच्या वाळक्या पानांवर अजिबात उभी करू नये. खालचा कन्व्हर्टर आग लावू शकतो. रावेर-यावलकडच्या माझ्या नातेवाइकांना मी हे नेहमी बजावते, कारण तिथे गाडी बागेच्या कडेला, पाचोळ्यावरच लागते.

आपल्या भागाची म्हणून काही कारणे आहेत. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांनी एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीची वाट न पाहता बघावा. रुई आणि धूळ मिळून त्याचा नमदा होतो. फिल्टर चोंदला तर सहसा मिसिंग होत नाही, गाडी एकसारखी मंद होते, हा फरक लक्षात ठेवावा. उंदीर हे दुसरे कारण. शेतातल्या घरांत उभ्या गाडीच्या उबेला ते येतात आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात. पी ०२०१ ते पी ०२०४ हे इंजेक्टरच्या सर्किटचे कोड दिसले तर नवा इंजेक्टर घेण्याआधी टॉर्च घेऊन वायर शोधा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बॉनेट उघडून जोराच्या फवाऱ्याने इंजिन धुतात, आणि दसऱ्याच्या सकाळी पूजा झालेली गाडी सोने वाटायला निघते ती धक्के खात. प्लगच्या खोबणीत पाणी साचलेले असते. कॉईल काढून खोबण कोरडी केली की अनेकदा एवढ्यावरच भागते. उन्हाने कडक होऊन तडकलेली रबरी व्हॅक्यूम नळी ही आणखी एक. तिची खूण अशी की आयडलला गाडी थरथरते, रेस दिली की बरी होते, आणि कान दिला तर सूं असा आवाज येतो.

मिसिंग नसताना नुसती ताकद गेली असेल तर शोध वेगळा. फिल्टर पाहावा, टाकीतला पंप नेहमीपेक्षा मोठ्याने घुंघुं करतो का ऐकावे, रेस दिली तरी इंजिनाच्या फेऱ्या एका आकड्याच्या पुढे चढत नसतील आणि मागून धूर मोकळा येत नसेल तर कन्व्हर्टर बुजल्याची शंका घ्यावी. चाक जॅक लावून हाताने फिरवून पाहावे, जाम झालेला ब्रेकही ताकद खातो.

घरी काय करू नये, हेही तितक्याच आग्रहाने लिहिते. इंजेक्टरची रेल (त्यांना पेट्रोल पुरवणारी नळी) सोडवू नये, तिच्यात इंजिन बंद असतानाही पेट्रोल दाबाखाली असते. आणि डिझेलवाल्यांनी वरचे सगळे केवळ माहितीसाठी वाचावे. कॉमन रेल डिझेलच्या नळीत दीड हजार बारपेक्षा जास्त दाब असू शकतो. नट सैल करून ‘फवारा येतो का’ पाहणाऱ्याच्या कातडीतून डिझेल आत शिरते आणि हात गमावण्याची वेळ येते. तिथे ठिणगीचे प्लगही नसतात, तपासणीची पद्धतच निराळी. कॉम्प्रेशनची तपासणी गेजने होते, चारही आकडे एकमेकांशी ताडायचे असतात; ती जाणत्या मिस्त्रीकडून त्याच्या शेजारी उभे राहून करून घ्यावी.

हे पत्र मिस्त्री लोकांच्या विरोधात वाचले जाऊ नये. माझे कितीतरी विद्यार्थी आज धुळे, अमळनेर, एरंडोलला गॅरेज चालवतात. त्यांच्यातले काही कानाने सांगतात की तिसरा गेला, आणि स्कॅनर तेच सांगतो. तेलाने काळ्या झालेल्या त्या हातांचा मला अभिमान आहे. पण कान असो की यंत्र, आधी निदान आणि मग खरेदी हा क्रम दोघांनाही सारखाच लागू आहे. पाच-सहा सुटे भाग एकदम बदलले आणि गाडी नीट झाली, तर नेमके कशाने झाली हे गिऱ्हाइकाला कळत नाही आणि मिस्त्रीलाही कळत नाही. पुढची तशीच गाडी आली की तो पुन्हा तीच यादी लिहितो. यात त्याची विद्या वाढत नाही आणि समोरच्याचे पैसे जातात. ज्याची एकुलती एक गाडी केळी, कांदा, दवाखाना आणि लग्नकार्य सगळ्याला लागते, त्याला ती यादी परवडत नाही. तो मग लुकलुकत्या दिव्यावर चिकटपट्टी लावून गाडी चालवतो. अशी चिकटपट्टी मी स्वतः पाहिली आहे आणि मला त्याचे फार वाईट वाटले.

तेव्हा वाहनमालकांना माझी कळकळीची विनंती. गॅरेजला ‘बघून घ्या’ म्हणून किल्ली देऊन येऊ नका. कोड कोणता आला आणि सिलिंडर कोणता, हे विचारा आणि बिलावर लिहून मागा. बदललेला जुना भाग परत घ्या. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे बिल मागताना संकोच नको. बायकांना तर मुद्दाम सांगते: बॉनेट उघडल्यावर मागे सरकून उभ्या राहू नका. तिथे काय चालले आहे ते बघा आणि विचारा. मिस्त्री सांगतो, बहुतेकांना विचारलेले आवडते.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शासकीय आयटीआयना माझी सूचना आहे. मोटार मेकॅनिकच्या कार्यशाळेत वर्षातून एखादा रविवार वाहनमालकांसाठी खुला ठेवावा. एक चालू इंजिन, एक स्कॅनर आणि मुद्दाम ठेवलेली एक खराब कॉईल एवढ्यावर सगळे दाखवता येते. शिकवायला तिथलीच दुसऱ्या वर्षाची मुले पुरतील, त्यांचाही सराव होईल. खर्च नगण्य आहे. मला बोलावले तर मी स्वखर्चाने येईन आणि ठिणगी व दाबाचा भाग फळ्यावर समजावून देईन.

आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणे. बाजारभावाच्या पानावर कापसाच्या आणि केळीच्या दराखाली जागा उरते तिथे एकदा एक छोटा चौकोन छापावा: पी ०३०० म्हणजे अनेक सिलिंडर, पी ०३०१ ते ०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर, पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, पी ०२०१ ते ०२०४ म्हणजे इंजेक्टरची वायर किंवा सर्किट, पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचे काम घटले, लुकलुकता दिवा म्हणजे गाडी थांबवा. वाचक तो कापून गाडीच्या पुस्तकात ठेवतील.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
पारोळा, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे)